बाईसाहेबांची कंबर

बाईसाहेब म्हणजे गाडी. निळी, चौकोनी, सत्तावीस वर्षांची, आणि डाव्या कुशीवर अशी काही कलून चालायची की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही आता इथेच रस्त्याकडेला बसकण मारणार.

तिच्या पोटात दुकान होतं. पाव, साखर, साबण, मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, मिठाच्या पाण्यात बुडवलेलं पांढरं चीज, आणि चीजपासून चांगलं लांब, वेगळ्या खोक्यात, उंदरांचं औषध. आठवड्यातून पाच दिवस त्सोन्का हे दुकान डोंगरातल्या पाच गावांत घेऊन जायची. तिथली दुकानं कधीच बंद पडली होती, पोरंबाळं राजधानीत सोफियाला नाहीतर त्याच्याही पलीकडे पांगली होती, आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांचा उरलेल्या जगाशी जो काही संबंध होता तो बाईसाहेबांच्या हॉर्नमधूनच.

बाईसाहेब डावीकडेच का कलतात, याबद्दल पाचही गावांत एकमत होतं, आणि ही गावं एरवी आज वार कोणता यावरही भांडतात. स्टिअरिंग डावीकडे. स्टिअरिंगमागे त्सोन्का. आणि त्सोन्का अंगाने, देवाच्या कृपेने, भरलेली. झालं, हिशोब लागला!

तिच्या तोंडावर असं कोणी म्हणत नसे. म्हणजे अगदीच तोंडावर नाही. लिपोव्हदोलची राइना आजी फक्त एवढंच विचारायची, "पोरी, जरा उजवीकडे सरकून नाही बसता येत का गं तुला?"

त्सोन्का हसून सोडून द्यायची. पण घरी गेल्यावर वाटीभर दही खाऊन झोपायची. अकरा वर्षं! अकरा वर्षं रात्रीच्या जेवणाला नुसतं दही, आणि गाडी बोटभरही वर आली नाही.

तिचा नवरा दिमो सुतार. वजनाच्या विषयावर त्याने जन्मात कधी तोंड उघडलं नाही, आणि म्हणूनच तो अजून विवाहित होता. त्याने दुसराच मार्ग काढला. "गाडी वाकडी असेना का," तो म्हणाला, "दुकान सरळ पाहिजे." मग त्याने आत प्रत्येक कपाटाखाली, फ्रिजखाली आणि विक्रीच्या फळीखाली डाव्या बाजूने लाकडी पाचरी मारल्या. नुसत्या मारल्या नाहीत, गोंद लावून वर स्क्रू पिळले. दिमोचं काम म्हणजे दिमोचं काम. भूकंप आला तरी पाचर हलणार नाही. तेव्हापासून बाईसाहेब बाहेरून तिरप्या आणि आतून अशा सपाट, की फळीवर अंडं ठेवलं तर जागचं हलायचं नाही.

असं सगळं छान चाललं होतं, आणि ऑक्टोबरातल्या एका बुधवारी गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली.

तपासणीवाल्याने बाईसाहेबांच्या मागच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून एकदा दाबलं आणि हात काढून घेतला. बाईसाहेब डुलायला लागल्या. तो टेबलाशी गेला, कॉफीचा घोट घेतला, परत आला. बाईसाहेब डुलतच होत्या.

"काकू," तो म्हणाला, "ही गाडी आहे की पाळणा? शॉकअपमधलं तेल सगळं गळून गेलंय. पुढच्या स्प्रिंगा बसल्यात. मागच्या पाट्यांकडे, त्या पोलादी पट्ट्यांच्या थप्प्यांकडे, तर बघवत नाही. हे सगळं नवं घालून आणा, मग शिक्का. तोवर रस्त्यावर दिसली तर नंबरप्लेट काढून घेतील."

"पण कलते ती माझ्यामुळे," त्सोन्का हळूच म्हणाली. "त्यात गाडीचा काय दोष?"

तपासणीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा कॉफी प्यायला निघून गेला.

त्याच संध्याकाळी लिपोव्हदोलच्या सरपंच नेव्हेनाबाईंचा फोन. "त्सोन्का, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तो वेंत्सी आहे ना, खालच्या शहरातला, त्याने नवी गाडी घेतलीय. पांढरीशुभ्र, अख्खी फ्रिजची. बटण दाबलं की खिडकी आपोआप उघडते म्हणे. त्याला आपल्या चौकातली जागा पाहिजे. आणि चौकात जागा एकाच गाडीची आहे, तुला माहीतच आहे."

"पण ती माझी जागा आहे!"

"आहे ना. डिसेंबरपर्यंत. पुढच्या वर्षाचा कागद मी शनिवारी करणार. रविवारी गावचा सण, सगळ्यांची मुलंनातवंडं येणार, शनिवारी अख्खं गाव खरेदीला बाहेर पडेल. अकरा वाजता दोघंही या. लोक ज्याच्याकडे जातील त्याचं नाव मी कागदावर घालीन. आणि तू आलीच नाहीस, तर मग मी तरी काय करू, सांग."

आता लिपोव्हदोल गेलं म्हणजे सगळंच गेलं, कारण वरची चार गावं मिळून जेवढं घेतात तेवढं एकटं लिपोव्हदोल घेतं. त्या रात्री त्सोन्काने दहीसुद्धा खाल्लं नाही.

गुरुवारी दुपारच्या बसने फोनवरून मागवलेलं गाडीचं सामान आलं. ड्रायव्हरने पाट्यांचे दोन गठ्ठे आणि दोन स्प्रिंगा डिकीत घातल्या होत्या, पण चार शॉकअप मात्र पहिल्या सीटवर घोंगडीत गुंडाळून, पट्टा लावून बसवले होते. "नाजूक असतात," तो म्हणाला. "वाटेत एक बाई विचारत होती, मुलगा की मुलगी."

शुक्रवारी सकाळी बाईसाहेब रिकाम्या होऊन स्पासदादाच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. स्पासदादा हा असा मेकॅनिक, की तो प्रत्येक कामाला "पाच मिनिटं" म्हणायचा. टायर बदलायला पाच मिनिटं, इंजिन उतरवायला पाच मिनिटं. स्वतःच्या लग्नालाही तो पाच मिनिटांत येतो म्हणाला होता, आणि ती बाई शेवटी दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली.

"पाच मिनिटं," म्हणत त्याने मागची बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि पान्हा लावला. नट हलेना. त्याने पान्ह्याच्या दांड्याला लांब पाईप अडकवला. हलेना. दिमो पाईपला लोंबकळला. तरी हलेना. बाजूला सूर्यफुलाच्या बिया सोलत उभे असलेले दोन शेजारी म्हणाले, "त्सोन्काला सांगा."

"मला काय सांगा?" त्सोन्का म्हणाली.

"नाही, काही नाही. म्हटलं, तुझी गाडी आहे, तर तुला विचारून..."

शेवटी स्पासदादाने गॅसची बत्ती पेटवली, नट लाल होईपर्यंत तापवला, आणि मग तो असा ओरडून सुटला की शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. एक सुटला म्हणजे आणखी पंधरा बाकी. दोन तासांनी उजवीकडचे पाटे खाली आले. गंजलेले, दमलेले, पण अख्खे. मग डावीकडचे. स्पासदादाने ती जड थप्पी ओढून जमिनीवर टाकली, मधला बोल्ट काढला, एकेक पाटा वेगळा केला, आणि तिसऱ्या पाट्याशी थांबला.

"आयला," तो म्हणाला.

पाटा मधोमध तुटलेला होता. तुटल्या जागी आतपर्यंत गंज चढला होता, काळा, जुना.

"हा आजचा नाही," स्पासदादा बोटाने गंज खरवडत म्हणाला. "दहा वर्षं तरी झाली असतील. जास्तच. कुठेतरी मोठ्या खड्ड्यात आपटली असणार. वरून दिसत नाही ना, थप्पीत मधे दडलेला. ह्याच्यामुळे तर ही डावीकडे बसत होती."

बिया सोलायच्या थांबल्या.

"परत बोल," त्सोन्का म्हणाली.

"काय?"

"कशामुळे डावीकडे बसत होती, ते परत बोल. जरा मोठ्याने."

"पाट्यामुळे! पाटा तुटलाय!"

त्सोन्काने दोन्ही हातांनी तो तुटका पाटा उचलला. ग्रीसने स्वेटर बरबटला, पण पर्वा कोणाला! "अकरा वर्षं!" ती ओरडली. "अकरा वर्षं मी रात्री दही खाल्लं! दिमो, ऐकतोयस ना? दही! तू माझ्यासमोर बसून डुकराच्या फासळ्या चोखायचास आणि मी दही खात होते!"

"मी कधी काही बोललो का?" दिमो म्हणाला.

"हेच तर! का नाही बोललास? 'त्सोन्के, तू नाहीस, पाटा आहे,' एवढं म्हणता आलं नाही तुला?"

दिमोने स्पासदादाकडे पाहिलं. स्पासदादा चटकन गाडीखाली शिरला. गाडीखाली शिरता येणाऱ्या माणसांचं कसं बरं असतं!

पुढचं काम मात्र भराभर झालं. नवे पाटे बसले, पुढच्या स्प्रिंगा शिकंज्यात दाबून जागच्या जागी गेल्या, चारही शॉकअप ताठ उभे राहिले. शेवटचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. "लटकत्या गाडीचे आवळले तर रबरी बुश पिळवटून वर्षात फाटतात," असं तो म्हणाला, आणि ही माहिती कोणीही मागितलेली नव्हती. मग सगळे चार पावलं मागे सरून बघायला लागले.

बाईसाहेब सरळ उभ्या होत्या. सरळ आणि उंच! डावी बाजू तर चांगली वीतभर वर आली होती. दुपारी तीन वाजता तपासणीवाल्याने कोपरा दाबला, हात काढला, बाईसाहेब एकदाच वर आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या. त्याने निमूटपणे शिक्का मारला. त्सोन्काने त्यालाही तुटका पाटा दाखवला. तिने तो बेकरीवाल्याला, पोस्टातल्या बाईला आणि रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी पाद्रीबाबांनाही दाखवला.

शनिवारी पहाटे माल भरताना दोघंही इतकी घाईत होती की भराभर खोकी आत सारली, चादर टाकली आणि निघाली. घाटात मागून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. "नवे शॉकअप आहेत," दिमो जाणकारासारखा म्हणाला. "रुळेपर्यंत आवाज करतात."

पावणेअकराला बाईसाहेब लिपोव्हदोलच्या चौकात शिरल्या. अख्खं गाव थंडीत उभं होतं. म्हणजे एकोणीस माणसं. त्सोन्का आधी तुटका पाटा घेऊनच खाली उतरली आणि चौकभर मिरवून आली.

"बघा! हा होता! मी नव्हे!"

राइना आजीने पाट्यावरून बोट फिरवलं. ब्याऐंशी वर्षांची आजी, उंचीने साधारण पिंपाएवढी, जिभेने चौकाएवढी. "मग दही कशाला खात होतीस गं?" तिने विचारलं.

त्सोन्काने पाटा दिमोच्या हातात कोंबला. ती मागच्या दाराने आत चढली, आणि चढताच तिला कळलं की घाटातला आवाज शॉकअपचा नव्हता.

सगळं दुकान उजवीकडे जमलं होतं. साबण, काडेपेट्या, बिस्किटं, सगळे एका कोपऱ्यात गर्दी करून उभे, जणू तिथे काहीतरी फुकट वाटतायत. गाडी सरळ झाली होती, आणि दिमोच्या पाचरी, गोंद-स्क्रू लावलेल्या, भूकंपाला न हलणाऱ्या पाचरी, अजून वाकड्या गाडीसाठीच बसलेल्या होत्या.

"दिमो!" ती ओरडली. "हे बघ काय केलंयस!"

दिमोने आत डोकं घातलं, मान कलती करून फळीकडे पाहिलं, मग डोळा बारीक केला. "फळी सरळच आहे," तो ठामपणे म्हणाला. "गाडी वाकडी झालीय."

"गाडी पहिल्यांदा सरळ झालीय, अकलेच्या कांद्या! काढ त्या पाचरी!"

"दोन दिवस लागतील. काम साधंसुधं नाही केलेलं मी." आणि या परिस्थितीतही तो जरासा फुलला.

आता थांबायला वेळ नव्हता. उजवीकडे सरकतं दार असल्यामुळे दिमोने पूर्वीच विक्रीची खिडकी डावीकडे कापली होती. त्सोन्काने ती उघडली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि खाली वाकून पाहिलं. चेहरे दिसेनात. दिसत होते नुसते रुमाल बांधलेल्या डोक्यांचे शेंडे.

"त्सोन्का?" खालून राइना आजीचा आवाज. "कुठे गेलीस?"

"इथेच आहे, आजी! वर बघा!"

"वर आभाळ आहे!"

अकरा वर्षं खिडकी नेमकी आज्यांच्या हनुवटीशी यायची. आता ती वीतभर वर, त्यांच्या डोक्यावर गेली होती. एक सुरकुतलेला हात चाचपडत फळीवर आला. त्सोन्काने त्याच्यापुढे चटणीची बरणी ठेवली. बरणीने क्षणभर विचार केला, आणि उतारावरून गडगडत परत त्सोन्काच्या पोटावर येऊन आदळली. तिने पुन्हा ठेवली. पुन्हा परत.

"देतेयस की चेष्टा करतेयस?" हात म्हणाला.

"घ्या ना पटकन, आजी! पकडा!"

"ही काय मासेमारी आहे?"

आणि नेमक्या त्याच वेळी चौकात वाजतगाजत वेंत्सी आला. पांढरीशुभ्र गाडी, छतावर भोंगा, भोंग्यावर जोरदार ढोल-सनईचं गाणं. त्याने बटण दाबलं. खिडकी खाली, हळुवारपणे, थेट आज्यांच्या कमरेपर्यंत उघडली, शिवाय खालून एक छोटी पायरीही सुर्रकन बाहेर आली. तिशीचा गोरागोमटा वेंत्सी पांढरा कोट घालून वाकला. "या आज्यांनो! काय देऊ?"

फळीवरचा हात नाहीसा झाला. रुमालांचे शेंडे हलले, वळले, आणि एकामागून एक चौकाच्या पलीकडे निघाले. नेव्हेनाबाई मधोमध उभ्या राहून, बगलेत कागद घेऊन, दोन्हीकडे बघत होत्या.

त्सोन्का वरून एकेक रुमाल मोजत होती. एक लाल रुमाल, तीन करडे, आता तो पिवळाही चालला. ती तर मारिना, तिच्या गुडघ्याचं मलम गेल्या हिवाळ्यात बर्फातून चालत आणून दिलं होतं! पण मारिनाचा तरी काय दोष? हात पोचत नाही तिथून माणूस घेणार काय?

आजवर बाईसाहेबांच्या आत गिऱ्हाइकाने पाय ठेवलेला नव्हता. त्सोन्काचा सक्त नियम. एकटी ती चढली तरी गाडी एवढी कलायची, मग दुसरं कोणी चढलं तर आडवीच व्हायची, अशी तिला धास्ती. पण आता? तिने टाच आपटून पाहिली. बाईसाहेब हू की चू नाही.

तिने धावत जाऊन मागची दोन्ही दारं सताड उघडली आणि छातीच्या भात्यातून हाक मारली, "बायांनो! वर या! आत या! हातात घेऊन बघा, वास घ्या, टोचा, दाबा, काय पाहिजे ते करा!"

चौकातले रुमाल थबकले.

"आत?" राइना आजी म्हणाली. "आतमध्ये? आम्ही?"

"सगळ्या!"

अकरा वर्षं ज्या दुकानाची फक्त खिडकी पाहिली, त्याच्या पोटात काय दडलंय ही उत्सुकता काही साधी नसते. राइना आजी वळली. दिमोने पालथं खोकं ठेवलं, तिला खालून ढकललं, त्सोन्काने वरून ओढलं, आणि आजी आत. मग मारिना. मग करड्या रुमालवाल्या तिघी बहिणी. आत वारा नव्हता, पावाचा वास होता, बसायला साखरेची पोती होती.

"अगं, हे बघ, लोकरीचे मोजे! आम्हाला कधी सांगितलं नाहीस?"

"विचारलं कुठे तुम्ही?"

"विचारणार कसं, दिसत नव्हते तर!"

"हे चीज कापून दे बघू, चाखायला. हं. खारट आहे. अजून एक तुकडा दे, नक्की सांगते."

"ती मेणबत्ती, ते बटण, ती वरची किसणी. कोणासाठी काय विचारतेस, सुनेसाठी. तिला अक्कल देता येत नाही, निदान किसणी तरी देते."

सामान सगळं उजव्या कोपऱ्यात गोळा झालेलं होतं, त्यामुळे उठून शोधायचीही गरज नव्हती. पोत्यावर बसल्या बसल्या हात घालायचा आणि काय निघतंय ते बघायचं! मारिनाने उंदरांचं औषध काढलं, वाचलं, आणि नवऱ्याची आठवण काढून परत ठेवलं.

पलीकडे वेंत्सीने गाणं मोठं केलं. मग लहान केलं. मग बंद केलं. त्याच्या सुंदर खिडकीसमोर दोन म्हातारे पुरुष उभे होते, आणि ते ती खिडकी कशी चालते ते बघायला आले होते. "परत दाब ना बटण," ते म्हणत होते. त्याने सात वेळा दाबलं.

शेवटी नेव्हेनाबाईसुद्धा बाईसाहेबांत चढल्या. "मी फक्त मोजायला आले," त्या म्हणाल्या. आत चौदा बायका होत्या, त्या पंधराव्या, आणि पोत्यावर टेकून त्यांनी सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला, मग मोजे मांडीवर घेऊन ताणून पाहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद काढला आणि वर नाव लिहिलं. त्सोन्का. मोठ्या अक्षरात.

त्सोन्काला एकदम खूप हसू आलं आणि त्याबरोबर थोडं रडूही. तिने दोन्ही एकदमच उरकलं.

तेवढ्यात राइना आजी दाराशी जाऊन उभी राहिली आणि खाली वाकून बघायला लागली. "पोरी," ती म्हणाली, "चढलो खरं. उतरायचं कसं?"

चढताना ढकलता येतं, उतरताना काय करणार? पंधरा बायका, पंधराही जणींचे गुडघे कुरकुरणारे, आणि खाली एकटा दिमो, तोही सकाळपासून कमरेत धरलेला.

नेव्हेनाबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "वेंत्सी! ए वेंत्सी! इकडे ये जरा!"

वेंत्सी आला. पांढरा कोट, वाढलेला पारा. पण राइना आजीने त्याला काही बोलायची संधीच दिली नाही. तिने सरळ दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले. त्याने तिला उचललं, खाली ठेवलं, तिची पिशवी दिली. मग मारिना. मग तिघी बहिणी, त्यातली मधली जराशी जास्तच वेळ धरून बसली. पंधरा जणी उतरेपर्यंत पोराच्या कोटाची इस्त्री गेली आणि गाल लाल झाले.

राइना आजीने त्याचा दंड दाबून पाहिला. "चांगला मजबूत आहेस रे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी पण ये. तुझी गाडी नको आणूस, तू ये."